खुणेवर लावलेली गाडी

मागच्या आठवड्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी चाळीस फुटी कंटेनर एका दमात डॉकला, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला, लावला. जागा वाईट होती. एका बाजूला चिऱ्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला कुणीतरी आणून ठेवलेला जनरेटर आणि मध्ये गाडीला अंग चोरून जायला लागेल एवढीच फट. खाली उतरलो तर तिथला सुपरवायझर पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं बुवा! तांबेमामांचे डोळे गेले, पण हात तुमच्यात ठेवून गेले."

सगळे हसले. मीही हसलो. अशा वेळी हसायची मला आता सवय झाली आहे. मग केबिनमध्ये जाऊन बसलो आणि बाटलीतलं पाणी संपेपर्यंत प्यायलो.

मामांचे डोळे गेलेले नाहीत. कधीच गेले नव्हते. ते मी घालवले, एका वाक्यात. पण ते वाक्य सांगायच्या आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर मी काय करून बसलो ते कुणाला कळायचं नाही.

सुदाम तांबे मूळचे मंडणगड तालुक्यातले, डोंगरातल्या एका गावच्या बौद्धवाडीतले. रत्नागिरीत आमच्या शेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये ते इतकी वर्षं होते की शेठसुद्धा त्यांना मामाच म्हणायचा. उंचीने बेताचे. ट्रेलरच्या घोड्यावर, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या भागात, चढताना त्यांना दांडीला धरून दोन झोके घ्यावे लागत. शर्ट मात्र इस्त्रीचा. आणि चप्पल खाली काढून, हातात घेऊन, पायरीवर जोडीने ठेवून मगच अनवाणी आत. क्लीनर पोरं चेष्टा करायची, "मामा, देवळात चाललाव काय?"

"देवळात चुकलं तर चालतंय," मामा म्हणायचे, "हितं नाय."

दर शनिवारी शेठ सगळ्या गाड्यांना लिंबू-मिरची बांधायला लावी. मामा ती सोडून घेत. मिरच्या दुपारी भाकरीबरोबर तोंडी लावायच्या आणि लिंबू सुकटीवर पिळायचं. "लिंबू काय मागं बगतंय काय?" हा त्यांचा सवाल असे. डॅशबोर्डवर बुद्धाची बोटभर मूर्ती होती, तिलाही ते पुसून ठेवत, पण मागणं काही मागताना मी त्यांना पाहिलं नाही. मागणं असे ते आरशांकडून. रोज सकाळी वर्तमानपत्राचा बोळा ओला करून दोन्ही आरसे पुसायचे. आधी कालची बातमी वाचायची, मग तिनेच आरसा पुसायचा.

मी पावसचा. घरची थोडी आंब्याची कलमं, पण त्यावर घर चालत नाही, म्हणून टेम्पो चालवायचो. बागेतल्या अरुंद वाटांतून भरलेला टेम्पो उलटा बाहेर काढायचो, त्यामुळे मला रिव्हर्स येतो असा माझा समज होता. चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं झाल्यावर, ट्रेलर शिकायला मामांकडे आलो तेव्हा हा समज बरोबर घेऊनच आलो होतो. मामांनी पहिल्याच दिवशी मला आवारातल्या मोकळ्या जागेत गाडी मागे घ्यायला सांगितली. मी घेतली. तीस सेकंदांत गाडीची कैची झाली. घोडा एकीकडे, ट्रेलर दुसरीकडे, दोघं एकमेकांच्या अंगावर धावून आल्यासारखे.

मामा क्लीनरच्या सीटवर शांत बसले होते. "टेम्पोला एक अंग असतंय," ते म्हणाले. "हिला दोन हायत. तू पुढच्या अंगाशी बोलतोस नि मागचं ऐकत बसलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीला हातच लावू दिला नाही. आम्ही माल भरायचो त्या मासळीच्या कारखान्यात तिथलीच बर्फाची एक ढकलगाडी घेतली, सुतळीने नव्हे, चांगल्या लोखंडी पिनेने ती एका जुन्या सायकलच्या मागे अडकवली आणि मला म्हणाले, ही सायकल उलटी ढकलत त्या दोन क्रेटच्या मधे ने. चौतीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, सायकल उलटी ढकलतोय. कोळंबी सोलणाऱ्या बायकांची जेवणाची सुट्टी होती, त्या ओटीवर रांगेने बसून बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "मामानू, ह्यो काय सर्कशीत जाणार हाय काय?" बायका डबे सांभाळत हसल्या. मी घामाघूम.

पण चौथ्या दिवशी ते माझ्या हाताला कळलं. शेपूट डावीकडे हवं तर हँडल आधी उजवीकडे, आणि शेपूट वळायला लागलं की लगेच हँडल सोडून त्याच्या मागे मागे जायचं. मामांच्या भाषेत, "आधी सांगायचं, मग तिचं ऐकायचं. नुसतं सांगत राहिलास की ती रुसते." ट्रेलरला ते बाय म्हणायचे. मागे घेताना तोंडाने हळू पुटपुटत, "ये गो बाय, ये. अजून. बस." शाबासकी त्यांच्या तोंडून कधी आली नाही. फार झालं तर "चाललं." त्या एका शब्दासाठी मी दिवसभर उन्हात गाडी मागेपुढे करायचो.

त्यांचा एकच नियम होता: उतर नि बग. डॉकला गाडी लावायच्या आधी इंजिन चालू ठेवून खाली उतरायचं, गाडीभोवती पुरा फेरा मारायचा, वर बघायचं, खाली बघायचं, मग चढायचं. मधेच शंका आली तर पुन्हा उतरायचं. त्यांना स्वतःला एकेका डॉकला चार चारदा उतरताना मी पाहिलं आहे, आणि तेही जिथे ते आयुष्यभर गाडी लावत आले होते तिथे. मी एकदा कंटाळून म्हटलं, "मामा, कालच तर बघितलं."

"काल तुझ्या डोक्यावर जेवढे केस होते तेवढे आज हायत?"

मी डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरलो.

त्या मासळीच्या कारखान्याचा डॉक हा आमच्या शेठच्या सगळ्या ड्रायव्हरांचा शत्रू होता. टेकडीचा जांभा कापून काढलेली जागा, त्यामुळे आवार लांबीला कमी. गाडी क्लीनरच्या बाजूने वळवून आत न्यायची, म्हणजे ज्या बाजूला ड्रायव्हरला जवळजवळ काहीच दिसत नाही त्या बाजूने. डॉकच्या कोपऱ्यात एक सिमेंटचा खांब होता आणि त्या खांबामागून अमोनियाच्या पाइपा शीतगृहात जात. खांबावर नाना रंगांचे ओरखडे होते. मामा पाहुण्याला घर दाखवावं तसे ते दाखवायचे. हा निळा अमक्याच्या गाडीचा, हा लाल दिवाळीच्या आधीचा, हा पिवळा तर आपल्याच शेठच्या भाच्याचा. मग दोन पावलं मागे सरून विचारायचे, "ह्यात हिरवा कुठं दिसतो काय बग."

आमची गाडी हिरवी होती. हिरवा कुठेच नव्हता. हा एवढाच त्यांचा गर्व. बाकी कशाचा गर्व करताना मी त्यांना पाहिलं नाही. स्वतःच्या मुलाचाही नाही, आणि मुलगा मुंबईत चांगल्या नोकरीला होता.

एक प्रसंग सांगतो म्हणजे माणूस डोळ्यांसमोर येईल. आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात आम्ही नंबर लावून उभे होतो. आमच्या पुढे परराज्यातला एक ड्रायव्हर होता, पोरगेलासा, भाषा येत नव्हती. त्याला फाटकातून गाडी मागे घेता येईना. आठ दहा माणसं चहूबाजूंनी ओरडत होती, डावीकडे घे, उजवीकडे घे, अरे थांब, अरे ये. पोरगा रडायच्या बेतात. मला वाटलं मामा जातील, त्याला बाजूला सारून गाडी लावतील आणि सगळे बघत राहतील. मामा गेले, पण त्यांनी आधी हात आत घालून त्याचं इंजिन बंद केलं. ओरडणाऱ्यांना म्हणाले, "तुमच्यातलं कोण बसतंय स्टेअरिंगवर? नाय ना? मग चाय घ्या जावा." सगळे पांगल्यावर त्या पोराला खाली उतरवलं, त्याच्याबरोबर गाडीभोवती दोन फेरे मारले, हाताने दाखवलं, आणि परत वर बसवून स्वतः मागे उभे राहिले. बंद मूठ म्हणजे थांब, उघडा पंजा म्हणजे ये. वीस मिनिटं लागली. गाडी लागली तेव्हा कारखान्याचा माणूस म्हणाला, "मामा, तुमच्यामुळे झालं."

"मी नुसता उभा होतो," मामा म्हणाले. "लावली त्यानं."

नंतर मी विचारलं, तुम्हीच का नाही लावलीत, पाच मिनिटांत झालं असतं. ते म्हणाले, "मग त्यानं पुढच्या गावात कोणाला बोलवायचं?"

आता माझं. मामांच्या हाताखाली मला सात महिने झाले होते. जड वाहनाचं लायसन्स हातात होतं, पण ट्रेलरचा शिक्का अजून पडायचा होता. कायद्याने मी मामांशिवाय त्या सीटवर बसताच कामा नये आणि मामा शेजारी असले तरी खरं तर नयेच. पण शिकणारे सगळे असेच शिकतात. मासळीच्या त्या डॉकला मला गाडी लागायची नाही. दहा वेळा पुढेमागे. ओटीवर बायका असायच्याच. मग मी एक युक्ती काढली. जांभ्याची एक खपली घेऊन समोरच्या भिंतीवर लाल रेघ ओढली. आरसा रेघेशी आला की स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं. दुसरी रेघ खाली फरशीवर, तिथे चाक आलं की सरळ करायचं. आणि काय सांगू, गाडी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. मामा म्हणाले, "चाललं." मी हवेत.

तीन चार दिवसांनी त्यांना ती रेघ दिसली. माझ्याकडे बघितलंही नाही. टॉवेल ओला करून भिंत पुसली आणि म्हणाले, "खुणेवर लावणारा एकाच दाराचा ड्रायव्हर. दार बदललं की मेला. नि गाडी बदलली तरी मेला."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी रेघ परत काढली, पण जरा खाली, गवताआड. मामांना फसवतोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. उलट, म्हाताऱ्याला काय कळतं, गाडी लागल्याशी कारण, असं वाटलं.

तो दिवस मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या गडबडीचा होता. कारखाना मासळीने तुडुंब, माल बाहेर काढायची घाई. आमचा नेहमीचा ट्रेलर दुरुस्तीला गेला होता म्हणून शेठने त्याच हिरव्या रंगाचा दुसरा दिला होता. लांबीला जास्त आणि चाकं पार मागे. आवारात शिरल्यावर मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्ही चहा घ्या. मी लावतो."

ते दार उघडून क्षणभर थांबले. "बग हां. आज बाय वेगळी हाय."

"हो हो," मी म्हटलं.

ते चहाच्या टपरीकडे गेले. ओटीवर बायका होत्या. ती म्हातारीही होती. मला त्यांना दाखवायचं होतं की आता सर्कस संपली. मी उतरलो नाही, बघितलं नाही. आरसा गवताआडच्या रेघेशी आला आणि मी स्टेअरिंग फिरवलं. लांब गाडी उशिरा वळते हे मला माहीत होतं, मामांनी दहादा सांगितलं होतं. पण खूण सांगत होती वळव, आणि मी खुणेचं ऐकलं.

आधी खरवडल्याचा आवाज आला. मग काहीतरी मोडल्याचा. मग तो वास. अमोनियाचा वास ज्याने घेतला आहे त्याला सांगायला नको, नाकातून मिरचीची पूड मेंदूत गेल्यासारखं होतं. बायका ओढण्या तोंडावर धरून फाटकाकडे पळाल्या. पळताना ती म्हातारी पायरीवर पडली, तिचा गुडघा फुटला. आतून कुणीतरी ओरडत वॉल्व बंद करायला धावलं. माझा पाय ब्रेकवर होता आणि तो मला उचलता येत नव्हता.

ड्रायव्हरचं दार उघडलं. मामा होते. पायात चपला तशाच.

"सरक," ते म्हणाले.

मी सरकलो. क्लीनरच्या सीटवर. ते माझ्या जागी बसले, इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली. एवढ्यात मॅनेजर तोंडाला रुमाल लावून धावत आला. "कोण होतं गाडीवर?"

"मी," मामा म्हणाले.

मॅनेजर त्यांना जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. मामा ऐकत होते. "माझं चुकलं साहेब," एवढंच दोनदा म्हणाले. मी शेजारी बसलो होतो, हात मांडीवर ठेवून, शाळेत शिक्षा दुसऱ्याला होत असताना पोरं बसतात तसा. कॅमेरा डॉकच्या आत माल मोजायला लावलेला होता, त्यात केबिन येत नव्हतं. बायकांनी गाडी बघितली होती, काचेमागचा माणूस नाही. निदान कुणी काही बोललं नाही.

वास ओसरल्यावर मामा खाली उतरले आणि खांबापाशी गेले. खांबावर हिरवा ओरखडा होता, हातभर लांब. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "तुझ्याकडं शिक्का नाय. तुझं नाव आलं तर दोघं घरी. माझं आलं तर मी एकटा. जोवर शिकतोस तोवर गाडी माझी."

हिशेब बरोबर होता. मी तो लगेच मान्य केला. इतका लगेच की आजही आठवलं तर कानशिलं तापतात. तरीही, इथवरचं मी स्वतःला कधी कधी माफ करतो. घाबरलेला माणूस सरक म्हटल्यावर सरकतो. पुढचं माफ होत नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला एकट्याला बोलावलं. पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. राग निवला होता, आता त्याला नवल वाटत होतं. "इतकी वर्षं हा माणूस इथे गाडी लावतोय," तो म्हणाला, "एक ओरखडा नाही. आणि एकदम असं कसं झालं? तू शेजारी होतास. तुला काय वाटतं?"

मला काही वाटलं नाही असं म्हणता आलं असतं. होतं कधी कधी, म्हणता आलं असतं. तो नुसता विचारत होता, गुन्हा शोधत नव्हता. पण मला भीती वाटली की कारण सापडलं नाही तर हा शोधत राहील आणि शोधत शोधत माझ्यापर्यंत येईल. म्हणून मी त्याला कारण दिलं.

"मामांना हल्ली जरा कमी दिसतं, साहेब."

मॅनेजरने मान हलवली. त्याचं समाधान झालं. मी चहा पिऊन बाहेर आलो.

ड्रायव्हर लोकांत बातमीला डिझेल लागत नाही. आठवड्याभरात हातखंब्यापासून जयगडपर्यंत सगळ्यांना कळलं की तांबेमामांना दिसत नाही. जो तो आठवायला लागला. परवा त्यांनी मला हात केला नाही. त्या दिवशी चारदा खाली उतरून बघत होते, दिसत नसणार म्हणूनच. ज्या सवयीने त्यांनी जन्मभर गाडीला ओरखडा पडू दिला नाही, तीच आता पुरावा झाली. शेठ चांगला माणूस. त्याने हात जोडून सांगितलं, मामा, आता आराम करा. दुसऱ्या कुणी गाडी द्यायचा प्रश्नच नव्हता.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होते. मी दारातच म्हटलं, "मामा, ते डोळ्यांचं मी बोललो."

"म्हाईत हाय. मॅनेजर म्हणालान."

मी वाट बघत राहिलो. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते, सगळं सोपं झालं असतं. त्यांनी एक शर्ट घडी करून ठेवला, त्यावर दुसरा ठेवला. मग म्हणाले, "बरं झालं बोललास. मला कारण सुचत नव्हतं."

त्यात टोमणा नव्हता. तो माणूस टोमणे मारत नसे. त्यांना खरंच कारण सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या हातून तसं होण्याजोगं कारणच नव्हतं. जाण्याआधी त्यांनी शेठला सांगितलं की प्रकाशला, म्हणजे मला, शिक्का मिळाला की गाडी त्याला द्या. शेठने दिली. तीन वर्षं मी ती चालवतोय. खुणा करत नाही. दर वेळी उतरून बघतो. माझ्या हाताखाली आता दोघं शिकतात, त्यांनाही उतरवतो. माझ्या रिव्हर्सचं लोक नाव काढतात.

या तीन वर्षांत मी मामांचं खरं काय ते लोकांना सांगायला किती वेळा निघालो ते मोजलं नाही. शेठच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा शेठच्या घरी पाहुणे होते. एकदा नव्हते. तरी मी टायरचं विचारून परत आलो.

या वर्षी शिमग्याच्या आधी मात्र गेलो. शेठकडे नाही, मंडणगडला. निदान घरच्यांना तरी खरं कळू दे, असं ठरवून. पिशवीत घरचे ओले काजूगर घेतले, एसटी बदलत बदलत चारच्या सुमाराला त्यांच्या वाडीत पोचलो. घर छोटं, नीटनेटकं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. मामा पडवीत बसले होते. मांडीवर नातीचं शाळेचं दप्तर, पट्टा तुटलेला. हातात सुई. मी बांधावरूनच बघितलं, त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला.

मला बघून ते मोठ्याने हसले. "अरे, प्रकाश! पाणी घे. बाय कशी हाय?"

बाय म्हणजे गाडी. बरी आहे म्हटलं. बसलो. घरी दुसरं कुणी नव्हतं. मुलगा मुंबईत, सून सुजाता इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, नात तिच्याच शाळेत. त्या दोघी पाचला येतात, मामा म्हणाले. मी लगेच सांगून टाकलं की मी आज सुनेला खरं सांगणार आहे.

मामांची सुई थांबली. "नको," ते म्हणाले.

"का नको? तुमचं नाव…"

"नाव ऱ्हाऊ दे. पोराला कळलं तसा तो मुंबईवरनं धावत आला. बाबा, खरं सांगा, दिसत नाय काय? डोळे चांगले म्हटलं असतं तर गाडी कशी ठोकलीत ते सांगायला हवं. मी म्हटलं, नाय दिसत. पोर रडलान माझ्यासमोर. तेव्हापासनं सून माझं सगळं हातात देते. तीन वर्सं मी तिच्याशी खोटं बोलतोय, प्रकाश. आता तिला काय सांगू, तुला फसवत होतो?"

माझी समजूत होती की मी एका माणसाची नोकरी घालवली. माझ्यामुळे हा माणूस, ज्याने परक्या पोराचं श्रेयसुद्धा कधी घेतलं नाही, रोज सकाळी उठून स्वतःच्या घरात खोटं वागत होता.

खाली वळणावर स्कूटीचा आवाज आला. मामांनी घाईने सुई टाचणीच्या डब्यात ठेवली, दप्तर बाजूला सारलं आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसले. कुठेच न बघता.

सुजाताने मला ओळखलं, फोटोत बघितलं होतं म्हणाली. चहा केला. कप मामांच्या हातात देताना त्यांची बोटं स्वतःच्या हाताने कपाभोवती धरली. "बाबा, गरम आहे हां. उजवीकडे बशी आहे." मग मला म्हणाली, "डॉक्टरकडे नेते म्हटलं की रुसून बसतात बघा. पेपरसुद्धा मीच वाचून दाखवते रोज. ऐकतात बिचारे."

बिचारे हा शब्द माझ्याने ऐकवला नाही. मी कप खाली ठेवला. "वहिनी," मी म्हटलं, "मामांना चांगलं दिसतं. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. खांबाला मी धडकवली. आणि डोळ्यांचं खोटंही मीच सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. छोटी नात दाराला टेकून उभी होती. मामांनी मान जराशी तिरकी केली, आवाजाच्या दिशेने कान देतात तशी, आणि हसले.

"ऐकू नको गो त्याचं," ते म्हणाले. "लय मायाळू पोरगा. मला बरं वाटावं म्हणून आपल्या अंगावर घेतंय."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा," ती मला म्हणाली, "आजकाल गुरूसाठी एवढं कोण करतं? तुमच्यासारखा एक विद्यार्थी मिळाला, बाबांनी आयुष्यात पुण्य केलं असणार."

टाचणीचा डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्यातली ओवलेली सुई काढून तिच्यासमोर धरली असती तरी पुरे होतं. मामा हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, इतका तो त्यांनी दाबला होता. मी मनाशी म्हटलं, ते नको म्हणतायत. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच गप्प बसायला हवं. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ते वाटलं म्हणूनच मला माहीत आहे की मी त्यांच्यासाठी गप्प बसलो नाही. मी चहा प्यायलो. सुजाताने अजून अर्धा कप ओतला, तोही प्यायलो.

एसटीची वेळ झाली. मामा म्हणाले, रस्त्यापर्यंत येतो. सुजाता नको म्हणाली, अंधारायला लागलं की त्यांना अजिबात दिसत नाही. ऊन अजून अंगणभर होतं. शेवटी नातीला बरोबर पाठवायचं ठरलं. तिने त्यांचं बोट धरलं. सहा वर्षांची पोर, मोठ्या जबाबदारीने पुढे झाली.

"आजोबा, पायरी," ती म्हणाली.

मामांनी पाय उंच उचलला, हवेत थोडा चाचपला आणि जपून खाली ठेवला.

"आजोबा, आता दगड आहे."

"कुठल्या बाजूला गो?" मामांनी विचारलं.

"डावीकडे."

ते उजवीकडून, हळूहळू, त्या दगडाला वळसा घालून गेले. मी मागून चालत होतो आणि त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.